पोच

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
कामगार आयुक्तालयापासून चालत सात मिनिटं,
दहा बाय आठचं माझं दुकान:
टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड.
वडिलांच्या व्हीआरएसमधून घेतलेलं.
ते जिथं बेअरिंगांना ग्रीस लावायचे
तिथं आता काचेची इमारत आहे,
आणि तिथला वॉचमन
आधार अपडेट करायला माझ्याकडे येतो.

हिराजी मढवी मंगळवारी येतात.
युनियनचं निवेदन, हातानं लिहिलेलं, पाठकोऱ्या कागदांवर.
'विषय' जाड करायला सांगतात.
'नम्र विनंती' खोडून 'मागणी' लिहितात,
पायरी उतरतात, परत चढतात:
"राहू दे गं, विनंतीच ठेव. वाचतील तरी."
चार प्रती. तीन द्यायच्या, चौथीवर पोच घ्यायची.
गोल शिक्का, आवक क्रमांक, कुणाची तरी आखूड सही.
ती पोच लॅमिनेशनला पुन्हा माझ्याकडेच.
रोलरमधून गरम बाहेर येते
तेव्हा मढवी ती दोन्ही हातांनी घेतात,
आमच्याकडे बारशाला बाळ घेतात तशी.

असोसिएशनचे वझे स्वतः येत नाहीत.
पोरगा येतो, पेन ड्राइव्ह घेऊन.
"मॅडम, मराठी करून द्या. इंग्रजी साहेबांकडे पोचलंय."
प्रति नाही, विषय नाही, महोदय नाही.
थेट कलमं, एक ते बारा,
जणू शेजारी बसलेल्या माणसाशी
काल अर्धवट राहिलेलं बोलणं.
एकच प्रत.
मी एकदा विचारलं, "शिक्क्याला जागा सोडू का?"
तो हसलासुद्धा नाही. त्याला प्रश्नच कळला नाही.

दोघांनाही पानाला तीस रुपये.

आणि मढवींच्या बाजूचं सगळंच वाया जातं असंही नाही.
निवडणुकीच्या वर्षी त्यांच्या फेडरेशनचा अध्यक्ष
पांढऱ्या गाडीतून उतरला, माझ्या स्टुलावर बसला,
फोनवर कुणाला तरी चार वाक्यं सांगितली.
आठवड्यानं तीच चार वाक्यं
टीव्हीवर मंत्र्याच्या तोंडी. स्वल्पविरामासकट.
कंत्राटी सफाईवाल्यांना बोनस मिळाला.
रबाळ्याचा संप त्याच संध्याकाळी मागे घेतला गेला.
का, ते मढवींना अजून कुणी सांगितलेलं नाही.
त्याचीही पोच नव्हती.

परवा मसुदा आला राजपत्रात.
हरकती व सूचना तीस दिवसांत.
मढवींनी फोनवरून प्रिंट काढायला दिली.
पान सरकत होतं, मी उलटं वाचत होते:
पाच, संपाची नोटीस साठ दिवस.
सहा.
सात.
नऊ.

मला ती रात्र आठवली.
मुलीला ताप होता. श्रीलिपीतून युनिकोडात आणताना
एक कलम गळालं, आणि मी तपासलं नाही.
पोरगा तसंच घेऊन गेला.
वझ्यांनी पाहिलं नाही, मंत्रालयानं पाहिलं नाही,
सहीच्या चार टेबलांवर कुणी बोटं मोजली नाहीत.
माझी चूक राजमुद्रेखाली बसली आहे,
दोन्ही बाजूंनी समास सोडून, नीटनेटकी.

मढवी चष्मा कपाळावर ढकलून
बोट ठेवत वाचतात.
"सातानंतर नऊ?"
"छपाईची चूक असेल," मी म्हटलं.
प्रिंटर थंड होईस्तोवर ते काही बोलले नाहीत.
मग स्टूल ओढलं.
"मग आठ मोकळंच आहे की.
आपलं त्यात घाल. लिही."

मी नवीन फाइल उघडली.
विषय जाड केला.
आणि खाली उजवीकडे, सवयीनं,
शिक्क्यापुरती जागा सोडली.